डब्याच्या काळजावरचा वर्ख

लामदुआनचं डोकं फिरलं की ती बोलायची बंद होते आणि सोल्डरची कांडी तापत ठेवते. त्या दिवशी देवळातली बैठक संपवून ती तरातरा घरी आली, दुकानात शिरली, कांडीचा प्लग खोचला आणि स्टुलावर बसली. मागून तिचा म्हातारा बाप, खाम्तान, हातात खेन, बांबूच्या नळ्यांचं फुंकायचं वाद्य, घेऊन सावकाश आला. कांडीचा धूर पाहून त्याने ओळखलं, की पोरीने काहीतरी मनावर घेतलंय.

झालं होतं ते असं. बाणांचा सण तीन आठवड्यांवर आला होता. बंदुकीची दारू ठासलेला बांबूचा भलामोठा बाण सजवून गावभर मिरवायचा आणि मग तो आभाळात सोडायचा. मिरवणुकीत बाणापुढे वाजंत्र्यांचा गाडा चालतो. गाड्यावर वर भोंगे, खाली पोटात धडधडणारे मोठे स्पीकर, मागे जनरेटर. नोंग कुंग गावाचा हा गाडा लामदुआनच्या हातचा. सगळे ॲम्प्लिफायर तिने स्वतः बांधलेले. शेचाळिसाव्या वर्षी तिच्या बोटांवर जितके चटके होते तितके स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्याही नसतील.

तर बैठकीत विरोत उठला. विरोत म्हणजे गाड्याचा नायक. तीन तारांची फिन वाजवतो, आणि वाजवतो झकास, त्याबद्दल दुमत नाही. त्याने काखेतून एक कीबोर्ड काढला, एक बटण दाबलं, आणि मंडपात खेनचा आवाज घुमला.

"बघा," तो म्हणाला, "फुंकायला नको, दमायला नको. लुंग खाम्तानना आता घरी आराम करू द्या. गेली तीन वर्षं ते गाड्यावर बसून नुसते गाल फुगवतात, पण ऐकू कुणाला येतं? माईक लावला की भोंगा किंचाळतो. माईक काढला की खेन गायब. खोटं बोलतोय का मी? लुंग, राग मानू नका."

लुंग म्हणजे काका. राग कशाला मानतोय म्हातारा! त्याने मांडीवरच्या खेनच्या नळ्यांवरून हात फिरवला. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, त्यातली पन्नास वर्षं खेन फुंकण्यात गेलेली. लामदुआनला विरोतचा संताप आला, आणि त्याहून जास्त संताप आला तो त्याचं म्हणणं खरं असल्याचा. कारण मशीन तिचं होतं. बापाचा आवाज गिळणारं मशीन तिनेच बांधलेलं.

"ऐकू येईल," ती उभी राहून म्हणाली. "शेवटच्या घरापर्यंत ऐकू येईल."

"शेवटचं घर कुणाचं, माहितीय ना पी दुआन?" विरोत म्हणाला. तो तिला ताईच्या मानाने 'पी' म्हणायचा.

"माहितीय. तिलाच विचारायचं. तिने 'ऐकलं' म्हटलं तर माझा बाप हातपाय चालताहेत तोवर गाड्यावर बसणार. नाही म्हटलं तर मी स्वतः त्यांना हात धरून उतरवीन, आणि तुझ्या त्या पेटीला वायर पण मीच जोडून देईन."

मंडपात कुजबुज झाली. शेवटचं घर मे-याय थोंगसायचं, म्हणजे थोंगसाय आजीचं. एकेकाळची गायिका. खाम्तानच्या खेनवर तिने आसपासची सगळी गावं गाजवलेली. दोन वर्षांपूर्वी खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून खिडकीशी खाटेवर पडून असते. शरीर थकलं, पण जीभ नाही. ती कुणाचं मन राखायला खोटं बोलत नाही. तिच्या सख्ख्या नवऱ्याला शेवटच्या दिवसांत तिने 'बरा दिसतोस' असं एकदाही म्हटलं नव्हतं. अशा बाईला पंच नेमणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणंच, असं अर्ध्या गावाला वाटलं.

"ठरलं," विरोत म्हणाला.

म्हणून कांडी तापत होती.

"कशाला गं पैज लावलीस?" खाम्तान दाराशीच उभा राहून म्हणाला. "हरलो तर सगळ्यांदेखत उतरायचं. त्यापेक्षा आत्ताच गुपचूप उतरलो असतो."

"पो," ती बापाला म्हणाली, "आत या. बसा. आणि रडगाणं बंद करा."

तिने कागद पुढे ओढला आणि खोड कुठे आहे ते बघायला लागली. खेनचा आवाज मुळात नाजूक. माईकमधून निघते ती वीज त्याहून नाजूक, असून नसल्यासारखी. ती बिचारी लांबलचक वायरीतून, जनरेटरच्या अंगाला घासत मशीनपर्यंत जायची. वाटेत जनरेटरची घरघर तिच्यात मिसळायची. मग मोठं मशीन दोघांनाही सारखंच मोठं करायचं. त्याला काय कळतंय, बापाचा सूर कुठला आणि घरघर कुठली? आणि खेन ऐकू यावा म्हणून माईक वाढवला, की भोंग्याचा आवाज फिरून माईकमध्ये शिरायचा, पुन्हा भोंग्यातून निघायचा, पुन्हा शिरायचा, आणि किंचाळी सुटायची.

"म्हणजे तुमचा आवाज आधी मोठा करायचा," ती म्हणाली, "अगदी तुमच्या छातीपाशीच. घाण मिसळायच्या आधी. मग जाऊ दे वायरीतून, कोण काय करतंय ते बघू."

तीन आठवडे ती त्या कामामागे होती. तंबाखूचा चपटा डबा घेतला, त्यात छोटीशी हिरवी पट्टी बसवली, एक ट्रान्झिस्टर, चार-पाच बारीकसारीक भाग आणि चौकोनी बॅटरी. डब्यातून हातभर वायर काढली आणि तिच्या टोकाला उडदाएवढा माईक जोडला. तो खेनच्या लाकडी पोटाला चिकटवायचा, ज्या काळ्या मेणाने खेनच्या नळ्या बसवतात त्याच मेणाने. इतक्या जवळ आल्यावर माईकला भोंग्याकडे कान द्यायची गरजच उरणार नव्हती. पहिला डबा नुसता घुंई करत बसला. दुसऱ्यात आवाज आला, पण सर्दी झाल्यासारखा. तिसरा जळला. चौथा बोलला.

"यात घालतेस तरी काय?" खाम्तानने एकदा विचारलं. "माझ्या एवढ्याशा फुंकेचं एवढं कसं होतं?"

तिने त्याला कालव्याची आठवण करून दिली. "तुम्ही पाण्याचं दार एका हाताने वर-खाली करता ना? पाणी तुमच्या हातातून निघतं का?"

"माझ्या हातातून कसं निघेल? ते धरणाचं."

"पण किती सुटायचं, कधी सुटायचं, ते कोण ठरवतं?"

"माझा हात."

"झालं तर. हा तीन पायांचा तुकडा म्हणजे ते दार. वीज बॅटरीची, पुढे मोठ्या मशीनमध्ये जनरेटरची. ती धो धो यायला तयारच असते. तुमचा सूर फक्त दार हलवतो. सूर वर गेला की वीज वर, खाली आला की खाली. भोंग्यातून निघतं ते सगळं जनरेटरचं बळ, पण चाल तुमची."

म्हातारा विचारात पडला. "म्हणजे हात थरथरला तर पाणीही थरथरणार."

"सगळंच मोठं होणार, पो. खोकलात तर खोकलासुद्धा. मधेच सूर तोडून श्वास चोरलात तर तेही गावाला कळणार."

"अरे बापरे," खाम्तान म्हणाला, पण हसला. कितीतरी दिवसांनी हसला.

सणाची सकाळ उजाडली. आमच्याकडे गाडा निघायच्या आधी वाद्यांच्या गुरूंची पूजा होते, आणि आता मशीनही वाद्यांतच धरतात. देवळाच्या अंगणात गाड्यापुढे उकडलेली कोंबडी, तांदळाच्या दारूच्या दोन बाटल्या, मेणबत्त्या मांडल्या. भोंग्यांच्या गळ्यात झेंडूचे हार घातले. लुआंग-पो, म्हणजे आमचे वडीलधारे भिक्खू, फांदीने मंतरलेलं पाणी शिंपडत आले. लामदुआनने आधीच सगळ्या मशीनवर प्लॅस्टिक अंथरलं होतं. एका वर्षी त्या पाण्याने फट्‌ झालं होतं, ते ती विसरली नव्हती. पाण्याची भीती तिला होती. सोन्याची नव्हती.

पाण्यानंतर वर्ख. कागदाच्या घडीत सोन्याचा पातळ वर्ख असतो, तो प्रत्येकाने आपल्या वाद्याला अंगठ्याने दाबून लावायचा. विरोतने फिनच्या शेंड्याला लावला. ढोलवाल्याने ढोलाला लावला. खाम्ताननेही लावला. लामदुआन तेव्हा जनरेटरमध्ये तेल ओतत होती, तिने पाहिलं नाही.

जनरेटर सुरू झाला. विरोतने फिन छेडली, अंगण दणाणलं. पोरी-बायका नाचायला सरसावल्या. खाम्तानने कमरेला डबा बांधला, खेन ओठांना लावला, गाल फुगवले. आणि काहीच नाही. भोंग्यातून खेनचा एक कण नाही.

"फुंका लुंग, फुंका!" विरोत ओरडला. "का श्वास शेवटच्या घरासाठी राखून ठेवलाय?"

लोक हसले. काल संध्याकाळी हाच डबा खणखणीत बोलत होता. तिने जनरेटरवरून उडी मारली.

"पी दुआन, दहाला निघायचंय. कीबोर्ड आणलाय मी, गाड्यातच आहे," विरोत म्हणाला, आणि खरं सांगायचं तर या वेळी खवचटपणाने नाही म्हणाला. "उन्हात बाया ताटकळल्यात. लावू का?"

"हात लावून बघ त्याला."

"दुआन," लुआंग-पो सावलीतल्या चटईवरून म्हणाले, "माझा चहा अजून गरम आहे. संपेपर्यंत बघ."

एवढा वेळ तिला पुरे होता. घाई केली की माणूस भलतंच उचकटतो. तिने शेवटाकडून सुरुवात केली. मोठ्या मशीनच्या तोंडाशी वायर काढून आत बोट टेकवलं. भोंगे घूंऽऽऽ करून गरजले. माणसाच्या अंगात आसपासची वीज थोडीथोडी शिरलेली असते, बोट टेकवलं की मशीन ती मोठी करून ऐकवतं. म्हणजे मशीन जिवंत. मग मिक्सर. बोट, घूंऽऽऽ. तोही जिवंत. मग लांब वायरीचं डब्याकडचं टोक. घूंऽऽऽ. वायर ठीक. मग डब्याच्या तोंडाशी, जिथे उडदाएवढा माईक जोडला होता तिथे बोट टेकवलं.

शांत.

"डब्यातच आहे," ती पुटपुटली आणि नखाने झाकण उचललं.

हिरव्या पट्टीवर सोनं लखलखत होतं. जिथून सूर आत शिरतो तिथपासून ते थेट जमिनीच्या, म्हणजे अर्थिंगच्या, तारेपर्यंत, मधे कुठेही न तुटलेलं. सूर आत यायचा आणि सोन्यावरून चालत परस्पर जमिनीला मिळायचा, दारापर्यंत पोचायचाच नाही. वर्ख इतका निगुतीने दाबला होता की त्यावर अंगठ्याच्या रेषा उमटल्या होत्या. तो अंगठा कुणाचा, ते तिला विचारावं लागलं नाही.

तिने मान वर केली. बाप तिच्याकडेच बघत होता.

"झाकणाला लावून काय उपयोग गं," तो हळूच म्हणाला. "काळजाला लागायला हवं ना? तू एवढं केलंस. म्हटलं, तुझ्या डब्याच्या काळजाला..."

तिला ओरडावंसं वाटलं. तीन आठवडे, चार डबे, आणि वाट लावली ती या भक्तीने! आणि त्याच क्षणी त्या रेषांकडे बघून तिचे डोळे भरून आले. पण मागे विरोत उभा, त्याच्यामागे गाव. आता हे बोललं तर म्हाताऱ्याचं हसं पुढची दहा वर्षं थांबायचं नाही.

"तार निसटली होती!" ती खणखणीत आवाजात म्हणाली. "माझीच चूक. दारूची बाटली द्या इकडे."

"पूजेची?" विरोत किंचाळला.

"मग काय तुझ्या घरची?"

"गुरूंची पिऊन झाली असेल," लुआंग-पो चहाच्या पेल्यातून म्हणाले. "दे."

तिने कापसाचा बोळा पूजेच्या दारूत बुडवला आणि पट्टीवरून हलक्या हाताने फिरवला. सोनं सुटत सुटत कापसावर आलं. पायांच्या मधल्या बारीक जागा तिने काडीने कोरल्या. मग पट्टी उन्हात धरली. मे महिन्याचं ऊन, ओल राहतेय कशाला? कापसावरचं सोनं टाकून देणं शक्यच नव्हतं. तिने ते अंगठ्यावर घेतलं आणि खेनच्या लाकडी पोटाला, माईकच्या शेजारी, दाबून लावलं.

"इथे लागू दे, पो," ती त्याच्या कानाशी म्हणाली. "काळीज इथे आहे. डब्यात नुसती वाट आहे."

झाकण टक्‌ करून बसलं. खाम्तानने फुंकर घातली. भोंग्यांतून खेन असा बाहेर पडला की झाडावरची पाखरं उडाली.

गाडा निघाला. पण पैज अजून बाकी होती, आणि विरोतही काही दुधखुळा नव्हता. शाळा मागे पडली तसा त्याने फिनचं बटण पिरगाळत पिरगाळत शेवटाला नेलं. नाचणाऱ्यांना चेव चढला. फिन इतकी चढली की तिच्या सुरांना धार राहिली नाही, नुसता फाटक्या पत्र्याचा खडखडाट. त्या खडखडाटात खेन बुडायला लागला. गाड्याशेजारून चालणाऱ्या लामदुआनने मिक्सरकडे हात नेला आणि फिन खाली ओढली.

"पी! माझा आवाज पाडलास?"

"पाडला. फाटत होतास."

"गाव जोरात मागतंय!"

"मशीनची ताकद जेवढी तेवढंच ते देणार. त्याच्यापुढे कान पिरगाळलास की सुरांचे शेंडे छाटले जातात, आवाज वाढत नाही. माझ्या मशीनचं मला शिकवू नकोस. ऐक जरा, वाजवतोस काय ते तरी ऐक."

विरोतने तोंड वेडंवाकडं केलं. पण चार पावलांत त्याला स्वतःच्या तारा स्वच्छ ऐकू यायला लागल्या, आणि त्यांच्या मधून पाण्यासारखा वाहणारा खेनही. शेवटी तो वाजवणारा माणूस. त्याचा हात पुन्हा बटणाकडे गेला, थांबला, आणि परत तारांवर आला.

पाण्याची टाकी मागे पडली. रस्ता संपत आला. शेवटचं घर रस्त्यापासून तीस पावलं आत, चिंचेखाली, खिडकी उघडी. लामदुआनने हाताने खूण केली तसा गाडा थांबला, वाद्यं थांबली. खाम्तानने खेन छातीशी धरला होता.

विरोत स्वतः खिडकीशी गेला. "मे-याय, खरं सांग. काय काय ऐकू आलं?"

"खरं नाही तर काय खोटं सांगू मेल्या?" आतून घोगरा आवाज आला. "ढोल आला. तुझी फिन आली, आज पहिल्यांदा माणसासारखी वाजवलीस. आणि खेन टाकीपासून ऐकतेय."

विरोतने पिच्छा सोडला नाही. "खेन म्हणजे कसला? हल्ली कीबोर्डवरही वाजतो, मे-याय."

"वळणावर येताना तिसऱ्या सुरात श्वास चोरला," म्हातारी कडाडली. "चाळीस वर्षं सांगतेय त्या खाम्तानला, तिथे चोरू नकोस, तिथे चोरू नकोस. तुझी पेटी श्वास चोरते का? जा, सांग त्याला, अजून सुधारला नाहीस म्हणावं."

रस्त्यावर एकच गलका उसळला. बायका लामदुआनच्या गळ्यात पडल्या. विरोत परत आला, गाड्यावर चढला, कीबोर्ड उचलून जनरेटरच्या मागे ठेवला आणि खाम्तानपुढे वाकून दोन्ही हात जोडले. "लुंग, बसा. पुढच्या वर्षीही तुमचीच जागा."

पण खाम्तान बसला नाही. तो गाड्यावरून खाली उतरत होता.

"पो, जिंकलात तुम्ही! कुठे निघालात?"

"वायर सोड जरा सैल," तो म्हणाला. "पोचेल ना तिच्या खाटेपर्यंत?"

लामदुआनला क्षणात कळलं. तिने वायरीचं वेटोळं उचललं आणि तीस पावलं सोडत नेलं. म्हातारा खाटेशी बसला. त्याने खेनच्या पोटावरून मेणासकट माईक खुडून काढला. त्याचा आवाज गावाला पोचवणारी ती एकच वस्तू, जिच्यासाठी पोर तीन आठवडे झिजली होती. ती त्याने म्हातारीच्या गळ्याशी, सदऱ्याच्या काठाला चिकटवली.

"हे काय रे?"

"गा."

"वेडा झालास काय? आवाज कुठे राहिलाय मला? या खोलीबाहेर जात नाही."

"खोलीबाहेर नेण्याचं काम तुझं नाही, मे-याय," लामदुआन दारातून म्हणाली. "ते माझं. तू नुसतं दार हलव."

ती धावत गाड्याकडे गेली. फिन, ढोल, सगळं शून्यावर आणलं. फक्त डब्याचं बटण अगदी हळूहळू वर नेलं. आधी भोंग्यांतून एका म्हाताऱ्या बाईचा श्वास आला. मग खाटेशेजारी फुंकलेला उघडा खेन, त्याच माईकने धरलेला. आणि मग त्या श्वासातून एक पातळ, चिरलेला, पण सुरावर पक्का पाय रोवलेला आवाज उठला आणि शाळेवरून, देवळावरून, शेतांवरून पार पलीकडच्या गावाकडे गेला. दोन वर्षांत कुणी तो ऐकला नव्हता. लहान पोरांनी तर कधीच नाही. विरोतने फिनच्या तारांवर सपाट हात ठेवला, एक तारही चुकून वाजू नये म्हणून.

तिसऱ्या ओळीला आवाज अडखळला आणि तुटला.

"चोरलास!" खाम्तान ओरडला. डब्याने तेही पकडलं आणि गावभर ऐकवलं. सगळा रस्ता खदखदून हसला. लामदुआनचा हात बटणावरच होता. कमी करावं का, असं तिच्या मनात येऊन गेलं. म्हातारी खजील झाली असेल, थांबवावं.

तिने बटण होतं तिथेच ठेवलं.

भोंग्यांतून एक लांब, खोल श्वास आला.

"हसू नका मेल्यांनो," मे-याय थोंगसाय साऱ्या नोंग कुंगला म्हणाली. "खाम्तान, पहिल्यापासून घे."